रसिकांचे चार प्रकार आणि ‘सैराट’चे संगीत

कोणतीही नवी कृती लोकांपुढे आली म्हणजे तिच्या पाठोपाठ तिच्यावरील अभिप्रायही जन्मास येतात, आणि पुष्कळदा कृतीपेक्षा अभिप्रायांचाच गलका अधिक होतो. ग्रंथावर मत द्यावयाचे तर तो वाचावा लागतो, निदान वाचल्याची बतावणी तरी करावी लागते. गाण्याच्या बाबतीत तेवढाही अडथळा नाही. गाणे रस्त्याने जाता येता कानावर पडते, आणि ज्याला दोन कान आहेत असा प्रत्येक गृहस्थ परीक्षकाच्या आसनावर बसतो. आमचे नेर हे तालुक्याचे लहानसे गाव. अमरावतीहून यवतमाळास जाणाऱ्या रस्त्यावरचे. कापूस, तूर आणि सोयाबीन ह्यांचे भाव हाच येथील नित्याचा विषय. तरीही एका संगीताविषयी येथे जितका वाद झालेला आम्ही ऐकला, तितका चाळीस वर्षांच्या शिक्षकी पेशात कोणत्याही ग्रंथाविषयी ऐकला नाही. ते संगीत म्हणजे ‘सैराट’ ह्या चित्रपटाचे.

श्री. नागराज मंजुळे ह्यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याचे संगीत अजय व अतुल गोगावले ह्या दोघा सख्ख्या भावांचे. हे पुणे जिल्ह्यातले. कोणा उस्तादापुढे बसून रीतसर तालीम घेतलेले नव्हेत. ऐकून, करून, पुन्हा ऐकून शिकलेले. ‘जोगवा’ ह्या चित्रपटाच्या संगीताबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्यातील एकाच गीताने हरिहरन व श्रेया घोषाल ह्या दोघांनाही पार्श्वगायनाचे राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिले. आनंद यादव ह्यांच्या कादंबरीवर आधारलेला ‘नटरंग’ १ जानेवारी २०१० रोजी आला आणि लावणीचे नाव काढताच भुवया चढविणाऱ्या घरांतूनही लावणी गुणगुणली जाऊ लागली. २००६ च्या ‘जत्रा’ चित्रपटातील त्यांची ‘कोंबडी पळाली’ ही चाल २०१२ साली ‘अग्निपथ’ ह्या हिंदी चित्रपटात नव्या शब्दांनिशी गेली. म्हणजे ‘सैराट’ आला तेव्हा हे बंधू अपरिचित नव्हते. परंतु ‘सैराट’ने जे केले ते त्यांच्याही पूर्वीच्या यशाच्या पलीकडचे होते.

गाणी अवघी चार. ‘याड लागलं’, ‘आताच बया का बावरलं’, ‘सैराट झालं जी’ आणि ‘झिंगाट’. शब्द सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याकडच्या बोलीतले. वाद्यवृंद मात्र अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे, सोनी कंपनीच्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रणगृहात मुद्रित केलेला. चित्रपटगृहांत ‘झिंगाट’ सुरू होताच प्रेक्षक खुर्च्या सोडून नाचू लागत, हे वृत्तपत्रांनी छापले आणि आम्ही यवतमाळास प्रत्यक्ष पाहिले. चित्रपटाचे उत्पन्न शंभर कोटींच्या पुढे गेले. मराठी चित्रपटाच्या इतिहासात ही गोष्ट प्रथमच घडली. पुढे २०१८ साली ‘धडक’ ह्या नावाने त्याचा हिंदी अवतार निघाला आणि ‘झिंगाट’ही हिंदीत गेले. ह्या सर्व गोष्टींस आता वर्षे लोटली. मग हा विषय आजच का काढला, असे सुज्ञ वाचक विचारतील. ह्याला दोन कारणे आहेत. धुरळा खाली बसल्यावाचून वाट दिसत नाही, हे एक. दुसरे कारण आमच्या घरातले आहे. ते यथावकाश येईल.

अभिप्राय देणाऱ्यांचे वर्गीकरण आमच्या पूर्वजांनी फार पूर्वी करून ठेविले आहे. इसवी सनाच्या ९०० च्या सुमारास कनोजच्या महेंद्रपाल राजाच्या पदरी असलेला राजशेखर हा कवी मूळचा महाराष्ट्राशी संबंध असलेला. त्याचा पणजा अकालजलद ह्याला ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणत. त्याचा ‘काव्यमीमांसा’ हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून १९१६ साली, म्हणजे ‘सैराट’च्या बरोबर शंभर वर्षे आधी, छापला गेला. आम्हां वऱ्हाडकरांस ह्या ग्रंथाचा विशेष अभिमान वाटावा असे त्यात स्थळ आहे. काव्यपुरुष व साहित्यविद्या ह्यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात झाला, अशी कथा राजशेखराने सांगितली आहे. आणि वत्सगुल्म म्हणजे आमच्या शेजारचे वाशीम. ह्या ग्रंथात भावकांचे, म्हणजे रसिक परीक्षकांचे, चार प्रकार येतात: अरोचकी, सतृणाभ्यवहारी, मत्सरी आणि तत्त्वाभिनिवेशी. पूर्वीच्या आचार्यांनी पहिले दोनच सांगितले होते. राजशेखराने अनुभवाने आणखी दोन वाढविले. हे चारही आम्हांस नेरात एकाच ओसरीवर बसलेले आढळले.

अरोचकी म्हणजे ज्याला काहीच रुचत नाही तो. आमचे एक स्नेही गायनाची विशारद परीक्षा उत्तीर्ण झालेले. यमन व मारवा ह्यांच्या पलीकडच्या जगास ते जग मानीत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की, ‘याड’ हा काय शब्द झाला? ‘वेड’ म्हणावयास जीभ वळत नाही काय? शिवाय करमाळ्याच्या बांधावर उभ्या असलेल्या पोराच्या तोंडी गाणे घालावयाचे, आणि त्याच्यामागे परदेशी व्हायोलिनांचा ताफा उभा करावयाचा, ही कसली संगती? पहिल्या आक्षेपाचे उत्तर राजशेखरच देतो. त्याने आपले ‘कर्पूरमंजरी’ हे सट्टक आरंभापासून शेवटापर्यंत प्राकृतात रचले. संस्कृत टाकून हे का, ह्या शंकेला त्याने प्रस्तावनेतच उत्तर दिले आहे. त्याचे तात्पर्य एवढेच की, भाषा कोणतीही असो, उक्तीत विशेष असला म्हणजे ते काव्य. सर्व भाषांत प्रवीण असलेल्या राजगुरूने प्राकृताची लाज धरली नाही. मग ‘वेड’चे ‘याड’ झाले म्हणून आपण कानांवर हात का ठेवावे? ‘सैराट’ हा शब्द ऐकताना आम्हांस तर ‘स्वैर’ ह्या संस्कृत शब्दाचीच आठवण होते. आणि ‘सैराट झालं जी’ मधला ‘जी’ पोवाड्यातील झीलकऱ्यांच्या ‘जी जी’चा सख्खा भाऊ आहे. दुसऱ्या आक्षेपाकडे पुढे वळू.

सतृणाभ्यवहारी म्हणजे गवतासकट जेवणारा. धान्य कोणते आणि काडीकचरा कोणता हे न पाहता पुढे येईल ते गिळणारा. ह्या जातीचे रसिक आमच्या घरात पाच-सहा तरी आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यापासून पुढे कित्येक वर्षे आमच्या पंचक्रोशीत ‘झिंगाट’वाचून एकही वरात निघाली नाही. मंगलाष्टके संपावयाच्या आत डी. जे. लावणारा आपली पेटी उघडून बसलेला असे. धोतर नेसलेले मामा, नऊवारीतल्या आत्याबाई, शेरवानीतले नवरदेव, सर्व एका ठेक्यावर हलत. आनंदाला आमचा विरोध नाही; लग्नात नाचावयाचे नाही तर कोठे? तो ठेका करणाऱ्यांनीही पायांसाठीच केला आहे आणि तो आपले काम चोख बजावतो. आमचे म्हणणे एवढेच की, हे गाणे ज्या कथेत आहे त्या कथेची त्या मांडवात कोणास आठवणही नसे. चित्रपटात ‘झिंगाट’ एका वाढदिवसाच्या मेजवानीत येते, आणि त्याच रात्री त्या दोन मुलांचे गुपित फुटून त्यांच्या पाठीमागे माणसे लागतात. ह्या ठेक्याच्या पुढच्या पावलास मृत्यूची वाट सुरू होते. ते गाणे सोयरिकीच्या मांडवात वाजविणारे आपण काय खातो आहोत हे पाहतच नव्हते.

तिसरा मत्सरी. ह्याला गुण दिसतो, परंतु दिसलेला गुण बोलून दाखविण्याइतके त्याचे मन मोठे नसते. आमच्या परिचयाचे एक हार्मोनियमवादक आहेत. गळा व बोटे दोन्ही चांगली. त्यांचा निर्णय ठरलेला: “ह्यात ह्यांचे काय आहे? सारे दक्षिणेतल्या इळैयराजांचे.” आता इळैयराजांनी १९७६ च्या ‘अन्नक्किळि’ ह्या तमिळ चित्रपटापासून खेड्यातल्या चालीस पाश्चात्य वाद्यवृंदाची साथ देण्याचा प्रघात पाडला हे खरे, अजय-अतुल त्यांना गुरुस्थानी मानतात हेही त्यांनी लपविलेले नाही. परंतु राजशेखर ह्याही बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. उसनवारीवर त्याने स्वतंत्र अध्याय लिहिले आहेत. चोर नाही असा वाणी नाही आणि चोर नाही असा कवीही नाही, अशी मिस्किल कबुलीही त्याने त्यांत दिली आहे. मात्र तो उसनवारीचे प्रकार करतो. आरशातल्या प्रतिबिंबासारखी जशीच्या तशी उचल वेगळी, आणि देह सारखा दिसून आतला जीव निराळा असणे वेगळे. पहिली त्याज्य, दुसरी ग्राह्य. ‘सैराट’च्या गाण्यांत देहाचे साम्य कोणी दाखविले तर आम्ही वाद घालणार नाही, परंतु ‘याड लागलं’चा जीव मद्रासेकडचा नव्हे, तो भीमेच्या खोऱ्यातला आहे. बोली बदलली, श्वास घेण्याची जागा बदलली, की चालीचा जीवही बदलतो.

राहिला चौथा तत्त्वाभिनिवेशी, म्हणजे कृतीच्या गाभ्यापर्यंत पोहोचून तेथे मन रोवणारा. असा हजारांत एखादाच सापडला तर सापडतो, असे राजशेखर म्हणतो. तो एक आम्ही, असे म्हणण्याचे धाडस आमच्याने होणार नाही. परंतु शिक्षकास परीक्षेत पहिला येता आले नाही तरी उत्तर कोणते असावे हे सांगण्याचा अधिकार असतो. त्या अधिकाराने दोन शब्द लिहितो.

‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकाचा प्रवेशक वाचकांपैकी पुष्कळांस पाठ असेल. राजाची हरवलेली अंगठी एका कोळ्यास माशाच्या पोटात सापडते आणि राजरक्षक त्याला चोर समजून, मागे हात बांधून, मारीत मारीत आणतात. त्याच्या धंद्याची टवाळी होते. तेव्हा तो गरीब माणूस उत्तर देतो की, जन्माबरोबर आलेले काम निंद्य मानले गेले तरी टाकू नये. यज्ञात पशू मारणारा श्रोत्रियही मनाने कोमलच असतो की नाही? कालिदासाने हे वाक्य कोळ्याच्या तोंडी घातले, आणि तेही प्राकृतात. पुढे राजाकडून बक्षीस मिळते, रक्षक मित्र होतात, सर्व मिळून मद्याच्या दुकानाकडे जातात आणि कोळी रंगभूमीवरून निघून जातो तो पुन्हा येत नाही. ज्याच्या जाळ्याने राजाची स्मृती परत आणली त्याला कालिदासाने दिलेली जागा एवढीच. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ मराठी रंगभूमीवर आणले तेव्हा त्यात शंभरांहून अधिक पदे होती. प्रेक्षक घरी जाताना गुणगुणत ती दुष्यंत-शकुंतलेची आणि कण्वाची.

‘सैराट’चा नायक परश्या हा मासेमारी करणाऱ्याचा मुलगा, आणि आर्ची ही गावच्या पाटलाची, ट्रॅक्टर व बुलेट चालविणारी मुलगी. ज्या कोळ्यास आजपर्यंतच्या साहित्यात प्रवेशकापुरती जागा मिळाली, त्याच्या मुलाच्या प्रेमासाठी ह्या दोघा भावांनी जगातला मोठ्यात मोठा वाद्यमेळ मागवून घेतला. आमच्या विशारद स्नेह्यांच्या दुसऱ्या आक्षेपाचे हेच उत्तर आहे. आपल्या संगीतात स्वरांची एकच रेषा पुढे जाते. पाश्चात्य वाद्यवृंदात निरनिराळी वाद्ये एकाच क्षणी निरनिराळे स्वर काढतात आणि त्यांचा मेळ जमून एक विस्तीर्ण नाद निर्माण होतो. असा नाद चित्रपटवाल्यांनी आजवर धनिकांच्या बंगल्यांसाठी व राजवाड्यांसाठी राखून ठेविला होता. खेड्यातल्या पोरास हलगी आणि तुणतुणे पुरेसे मानले होते. प्रेमात पडलेल्या यक्षाने आपले मन सांगण्यासाठी आकाशातला मेघ बोलाविला तर ते काव्य, आणि कोळ्याच्या पोराने व्हायोलिने बोलाविली तर ती विसंगती, हा न्याय आम्हांस पटत नाही. विहिरीत उडी घेताना त्या पोराच्या मनात जे होते, त्याचे माप त्या वाद्यवृंदाएवढेच होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याविषयी आम्ही फार थोड्यांस बोलताना ऐकले. ही चारही गाणी कथेच्या पूर्वार्धात संपतात. ती दोघे घर सोडून हैदराबादेस जातात, झोपडपट्टीत राहतात, कष्ट करतात, भांडतात, संसार उभा करतात. त्या भागात एकही गाणे नाही. आणि शेवटी माहेरची माणसे साड्या व भेटवस्तू घेऊन येतात, चहा होतो, आणि मग जे घडते ते पाहून प्रेक्षकांच्या तोंडून आवाज निघत नाही. त्या वेळी पडद्यावरही आवाज नसतो. तान्हे मूल अंगणातून घरात येते, रक्तात पाऊल टाकून बाहेर जाते, आणि सारे निःशब्द. एवढा प्रचंड वाद्यमेळ ज्यांनी उभा केला त्यांचे संगीत येथे नाही. ज्यांनी केवळ चार गाणी ऐकली त्यांनी संगीत अर्धेच ऐकले, असे आमचे मत आहे. त्या गाण्यांचे मोल ह्या शांततेत चुकते करावे लागते.

शांततेचा असा उपयोग आमच्या प्रांतास नवा नाही. अमरावतीस १८९६ साली जन्मलेले केशवराव भोळे ह्यांनी वैद्यकीचे शिक्षण सोडून संगीत धरले. ते ‘एकलव्य’ ह्या टोपणनावाने ‘वसुंधरा’ साप्ताहिकात गायकांवर निर्भीड अभिप्राय लिहीत आणि स्वतः चालीही बांधीत. म्हणजे परीक्षक व कर्ता एकाच देहात. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ ह्या नाटकात त्यांनी मोजकीच गाणी, थोडक्या वेळाची, प्रसंगातून उगवणारी दिली. पदांच्या राशीवर पोसलेल्या रसिकांना तो बदल केवढा वाटला असेल! पुढे १९३७ साली प्रभात कंपनीचा ‘कुंकू’ आला. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या तरुण मुलीची ती कथा. तीत पार्श्वसंगीत न वाजविता घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज असे घरातले खरे ध्वनीच ऐकविले आहेत, आणि त्या ध्वनींनी त्या घराचा कोंडमारा जितका जाणवतो तितका सनईने किंवा सारंगीने जाणवला नसता. ‘कुंकू’ आमच्यासारख्याच पांढरपेशा घराची गोष्ट होती. म्हणून ती पाहून आमच्या आजोबांच्या पिढीस अस्वस्थ व्हावे लागले. ‘सैराट’ पाटलाच्या वाड्यातली गोष्ट आहे, आमची नव्हे, अशी समजूत करून घेण्याची सोय आपणांस आहे, एवढाच फरक.

ती सोय आमच्या घरात ह्या वर्षी संपली. आमचे धाकटे बंधू बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने आनंदी. ‘सैराट’च्या गाण्यांचे घरातले पहिले भक्त तेच, त्यांच्या मोबाईलवर इतकी वर्षे ‘याड लागलं’चीच धून वाजे. त्यांची कन्या पुण्यास नोकरीस असते. महालक्ष्म्यांच्या सणास ती घरी आली आणि जेवणे झाल्यावर, मागची आवराआवर चालली असता, तिने आपल्या आईस सांगितले की, बरोबर काम करणाऱ्या एका मुलाशी आपण लग्न करणार आहोत. मुलगा शिकलेला, नोकरीस लागलेला, वडील एस. टी.च्या आगारात यांत्रिक होते. आपल्या जातीतला नाही, एवढेच नव्हे, आमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी ज्यांच्या घरी कधी पाणीही घेतले नाही अशांपैकी.

कोणी ओरडले नाही; आमच्या घरात ओरडण्याची चाल नाही. बंधू ओसरीवर येऊन बसले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मोबाईल वाजला तेव्हा त्यात साधी घंटी होती. पुढचे चार-सहा दिवस घरात भांड्यांचे आवाज तेवढे ऐकू येत. पुतणीशी सारे नेहमीप्रमाणे बोलत. भाजीत मीठ किती, गाडी किती वाजता, असे. जिवास धोका असणारे हे घर नव्हे, हे तिलाही ठाऊक होते. परंतु मुलीस जिवंत ठेवून तिच्यावरचे दार लावून घेता येते. ही कला आमच्यासारख्या सुशिक्षित घरांना चांगली अवगत आहे, आणि तिला कोणत्याही न्यायालयात शिक्षा नाही.

परत जाण्याच्या आदल्या संध्याकाळी ती आमच्या खोलीत आली. लहानपणी तिला आम्हीच अमरकोश पढविला होता. म्हणाली, “मोठे बाबा, तुम्ही रसिकांचे चार प्रकार सांगता. आमच्या बाबांना कोणत्या प्रकारात घालाल?”

प्रश्न खोचक होता, पण विचारणारीचे डोळे भरलेले होते. आम्ही तिला सांगितले ते असे. राजशेखर अरोचकीचेही दोन भेद करतो. एकाची अरुची जन्मजात असते. कथिलाचा काळेपणा जसा शंभरदा घासूनही जात नाही, तशी ती कोणत्याही संस्काराने जात नाही. दुसऱ्याची अरुची शिकण्यातून आलेली असते. अशा माणसापुढे खरोखर विशेष असे काही आले म्हणजे त्याला ते रुचू लागते. “तुझे बाबा दुसऱ्या प्रकारचे आहेत. ही नावड ते शिकले आहेत. घराने त्यांना ती शिकविली. त्यांच्यापुढे तो मुलगा अजून आलेला नाही; नुसते त्याच्या जातीचे नाव आले आहे. गाणे ऐकण्याआधी त्याच्या पाकिटावर अभिप्राय मागितलास तर उत्तर असेच यावयाचे.”

त्या रात्री आम्ही बंधूंच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांना उपदेश केला नाही. दोन माहितीच्या गोष्टी सांगितल्या. वत्सगुल्मातील तो विवाह राजशेखराने गांधर्व विधीने लावला आहे, ही पहिली. दुसरी राजशेखराच्या स्वतःच्या घरची. बहुतेक विद्वान त्याला यायावर कुळातील ब्राह्मण मानतात. त्याची पत्नी अवंतिसुंदरी ही मात्र चाहमान कुळातली, म्हणजे क्षत्रिय. ‘कर्पूरमंजरी’चा पहिला प्रयोग तिच्याच इच्छेवरून झाला, आणि ‘काव्यमीमांसे’त मोठमोठ्या आचार्यांच्या मतांबरोबर राजशेखर तिचे मत नावानिशी मांडतो. परजातीची सून घरात आली म्हणून त्या घरातली विद्या आटली नाही. उलट तिची मते ग्रंथात उतरली आणि हजार वर्षांनंतर आपण ती वाचतो. क्षत्रिय कन्या आणि एस. टी.तल्या यांत्रिकाचा मुलगा ह्यांत अंतर आहे हे आम्हांसही कळते; बंधूंनीही तेच म्हटले. आम्ही म्हटले, “अंतर आहेच. किती आहे हे मुलास पाहून ठरवू. इतकी वर्षे खिशात ते गाणे बाळगलेस. ते कोणाचे गाणे होते, एवढे मनाशी एकदा विचारून पाहा.” ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने आत गेले.

दिवाळीत मुलगा आला. अंगणात बसून चहा झाला. बंधू थोडेच बोलले. मात्र मुलाच्या वडिलांची नोकरी कोणकोणत्या आगारांत झाली हे त्यांनी बारकाईने विचारले, आणि त्यांपैकी एका गावी स्वतः बँकेत असताना आपली गाठ पडली असावी काय, ह्याचा बराच शोध केला. आमच्या वृद्ध काकू माजघरातून बाहेर आल्या नाहीत. त्या अद्याप रागावलेल्या आहेत आणि तो राग ओसरेलच असे आम्ही सांगू शकत नाही. लग्नाची तिथी ठरलेली नाही. बंधू अजून ‘होय’ म्हणालेले नाहीत. ‘नाही’ मात्र म्हणण्याचे त्यांनी थांबविले आहे. पुतणी दर रविवारी दूरध्वनी करते आणि दार उघडे आहे.

वाचकहो, संगीतावर लिहावयास बसून आम्ही घरात शिरलो, असे कोणास वाटेल. परंतु आमच्या मते हे एकाच विषयाचे दोन भाग आहेत. जे घर गाण्यावर नाचते आणि गाण्यातल्या माणसास दारात उभे करीत नाही, त्या घराची रसिकता गवतासकट जेवण्याचीच होय. जे घर गाणे न ऐकताच नाक मुरडते, त्याला निदान प्रामाणिकपणाचा गुण द्यावा लागेल; पण त्याला त्याहून अधिक काही मिळणार नाही. आपल्या घरोघरी आज मुली शिकत आहेत, दूरगावी राहत आहेत, आपल्या पसंतीची माणसे निवडीत आहेत. आज ना उद्या प्रत्येक ओसरीवर असा एखादा अभिप्राय मागितला जाईल. तो देण्यापूर्वी कृती पुरती पाहावी, तिच्यातला गाजावाजा ऐकावा तशी तिच्यातली शांतताही ऐकावी, आणि मग काय ते बोलावे. पेन्शनीत बसलेल्या एका मास्तराची एवढीच विनंती आहे. ती रुचली नाही तरी निदान आपली अरुची दोन प्रकारांपैकी कोणत्या प्रकारची आहे, ह्याचा ज्याने त्याने आपल्याशी विचार करावा.